बिगुलवाल्याचे बूट

१

बाई गुडघ्यांवर बसून टेबलाच्या खालच्या खणात हात फिरवत होत्या. खण पूर्ण बाहेर ओढलेला होता आणि रिकामा होता, हे मला दारातूनच दिसलं. त्यांना मात्र ते हातांनीच बघावं लागत होतं. त्यांनी तळ चाचपला, कोपरे चाचपले, मग खणाच्या मागची फळी चाचपली. जणू कागद लाजून मागे सरकले असतील.

"शोधक, तुम्ही आलात ना?"

"हो, बाई."

"कागद दिसतात का कुठे?"

खोलीत कागद पुष्कळ होते, पण जे हवे होते ते नव्हते. "नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला चोराचा वाटला.

शोधक हे माझं नाव नव्हे. मी मुद्रितशोधक होतो. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःचं एकही पुस्तक लिहिलं नाही. पहिल्याच वाक्यात मला इतक्या चुका दिसत, की दुसऱ्याची हिंमत होत नसे. निवृत्तीनंतर मी फक्त बाईंच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत असे आणि रोज सकाळी त्यांच्याकडे वाचून दाखवायला येऊ लागलो, कारण त्यांची नजर विझत चालली होती.

बाईंचं 'काजळकोट' ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका काळ्या किल्ल्याची राणी सावल्यांचं सैन्य उठवते आणि शेजारच्या राज्याशी लढते. शत्रूच्या फौजेतल्या एका तरुण बिगुलवाल्यावर तिचा जीव जडतो. नुकत्याच आलेल्या दुसऱ्या भागात तिला कळतं, की त्याच्या बिगुलाचा आवाज आहे तोवर सावल्या झोपणार नाहीत आणि युद्ध थांबणार नाही. शेवटी किल्ल्याच्या दारात ती त्याला स्वतःच्या हाताने मारते. युद्ध थांबतं. वाचक मात्र पेटले.

खणातून गेला होता तो तिसरा आणि अखेरचा भाग. काळ्या जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरात लिहिलेला उशीएवढा गठ्ठा. त्याची दुसरी प्रत नव्हती. पुस्तक पुरं झाल्याशिवाय कुणाला अक्षरही दाखवायचं नाही, ही बाईंची रीत. पुन्हा लिहायचं म्हटलं तर आता डोळे नव्हते. तोंडी सांगून लिहवणं त्यांना जमत नसे. "माझं डोकं हातात आहे," त्या म्हणायच्या.

स्वयंपाकघरातून ताई आल्या. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. घर त्यांच्यावरच चाले. ताईंची एक सवय होती. दाराबाहेर कुणाची चप्पल आडवी पडलेली दिसली, की त्या वाकून ती उभी करून ठेवायच्या आणि मगच आत यायच्या. गुडघे दुखत असले तरी. आताही त्या माझ्याच चपला सरळ करून आल्या असाव्यात, कारण मी गडबडीत त्या कशाही काढल्या होत्या.

"अगं, मिळेल," ताई म्हणाल्या. "उठ आधी. गुडघे धरतील."

"मिळेल म्हणजे काय, ताई? त्याला पाय आहेत का?"

दाराला कुलूप होतं ते तसंच होतं, खिडक्या आतून बंद. पोलिसांचं नाव काढताच बाई भडकल्या. वर्तमानपत्रात यायला नको होतं त्यांना. मग त्यांचा चेहरा माझ्या दिशेला वळला. अगदी माझ्याकडे नाही, थोडा डावीकडे.

"लोक तुम्हाला शोधक म्हणतात ना? मग शोधा."

मी काही बोलणार होतो, पण एकच गोष्ट डोक्यात घुमत राहिली. काल दुपारी चहाच्या आधी बाईंनी नुकताच पुरा झालेला गठ्ठा माझ्यासमोर खणात ठेवला होता. त्यानंतर या घरात बाहेरची तीनच माणसं येऊन गेली. त्यांतला एक मी होतो.

२

कालचा चहा मला आठवून पाहायला हवा होता.

आमच्या प्रकाशकांची एक पद्धत आहे. प्रत्येक पुस्तकात ते एक कोरं कार्ड घालतात, 'आपलं मत कळवा' असं वर छापलेलं. लोक ते लिहून टपालात टाकतात. एरवी येतात पाच-पन्नास. दुसऱ्या भागाची पोत्याने आली. काल प्रकाशक स्वतः एक पिशवी घेऊन आले होते, आणि सोबत वाचकांचा म्होरक्या होता. हा औषधाच्या दुकानात काम करणारा एक उंच, हडकुळा गृहस्थ. बिगुलवाला मेल्याच्या निषेधार्थ त्याने शंभरेक वाचकांना काळ्या फिती लावायला लावल्या होत्या. म्हणून सगळे त्याला सेनापती म्हणत. बाईंना समोर बसून जाब विचारायची त्याची मागणी होती आणि बाईंनी, कधी नव्हे ते, हो म्हटलं होतं.

मी कार्डं वाचत होतो.

"'शेवट वाचून मी पुस्तक भिंतीवर फेकलं. भिंत पलीकडच्यांची निघाली. आता आमचं बोलणं बंद आहे.'"

प्रकाशक खो खो हसले.

"'माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नाही. काल बिगुलवाल्यासाठी काढलं. मी आजारी होते तेव्हा कुठे गेलं होतं हे पाणी?'"

"बघा," सेनापती म्हणाला. "संसार मोडतायत, बाई."

"मी जोडून दिले नव्हते," बाई म्हणाल्या.

"'राणीने बरोबर केलं. प्रेम काय, पुन्हा होतं. युद्ध एकदाच थांबतं.'"

"हे कोणी लिहिलं?" सेनापतीने हात पुढे केला. "नाव द्या मला त्याचं."

तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि मी पुढचं कार्ड उचललं. त्यावर नाव नव्हतं. अक्षर लहान, एकमेकांना चिकटलेलं.

"'मला सर्वांत आवडलं ते हे, की तो मेल्यावर घरी येतो. बूट दाराबाहेर काढतो, डावा बूट आडवा पडतो, आणि तो आत येऊन जेवायला बसतो. आई त्याला काही विचारत नाही. नुसती वाढत राहते. एवढंच पुरे आहे. याच्यापुढे लिहू नका, ही हात जोडून विनंती.'"

मग बाई हसू लागल्या. मनापासून, दमून.

"या बिचाऱ्याने कुठलं पुस्तक वाचलं? मेलेला माणूस जेवायला येतो म्हणे! अहो, तिसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर आई त्याला बुटांवरून ओळखते आणि पुरते. तेव्हा काय करील हा?"

सेनापती ताडकन उठला. "म्हणजे तो खरंच मेलाय?"

"मेलेली माणसं खरंच मेलेली असतात."

"असा भाग निघायला नको," तो म्हणाला. "मी निघू देणार नाही." आणि चहा न घेता गेला.

ताईंनी माझ्या कपात साखर घातली. मग थोड्या वेळाने पुन्हा घातली. मला गोड चालत नाही, पण मी मुकाट्याने प्यालो. मला बोलता आलं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

मी निघालो तेव्हा प्रकाशक टेबलाशी उभे होते. त्यांचा बूट खालच्या खणाला टेकलेला होता.

३

सेनापती गोळ्यांची पाकिटं कापत होता. दुकानात औषधांचा कडवट वास होता आणि रांगेत एक म्हातारी खोकत होती. मी तिच्यामागे उभा राहिलो. चौकशी करणारी माणसं रांग मोडून पुढे जातात, पण ते मला सुचलं नाही.

"काय देऊ?" मग त्याने मान वर केली. "ओ, तुम्ही!"

"तिसरा भाग नाहीसा झालाय."

कात्री थांबली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चोराचा चेहरा पांढरा पडतो हे मी वाचलं होतं. पण ज्याचं काही चोरीला गेलं त्याचाही पडतो, हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"सगळा?"

"सगळा."

"मग राणीचं काय होतं?" त्याचा आवाज चिरकला. "मला कसं कळणार आता?"

"तुम्हीच म्हणालात निघू देणार नाही."

"ते रागात हो! आपण म्हणतो ना मुलांना, घरात घेणार नाही म्हणून? मग रात्री दार उघडं ठेवतो." त्याने कात्री खाली ठेवली. "काका, हे दुकान बघा. सकाळपासून रात्रीपर्यंत मी लोकांचे रोग वाचतो. घरी गेलो की भिंती. बिगुलवाला मेला तर मला दुःख करायला एक माणूस मिळाला. त्याला जिवंत करा म्हणून भांडायला शंभर माणसं मिळाली. तिसरा भाग नसेल तर ती उद्यापासून कशाला येतील माझ्याकडे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तुमचं झालं असेल तर माझ्या पोटाचं बघा."

मी निघालो. चोराला चोरीतून काहीतरी मिळायला हवं. या माणसाचं होतं नव्हतं तेवढं गेलं होतं. आता दोन उरले होते, आणि त्यांतल्या एकाच्या चपला मीच घालून चाललो होतो.

४

प्रकाशकांच्या कचेरीत कार्डांची पोती जिन्यापर्यंत आली होती. ती ओलांडून जाताना मी एका पोत्याची माफी मागितली.

"बिगुलवाला जिवंत ठेवा म्हणून तुम्ही बाईंच्या मागे लागला होतात," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

"लागलो होतो. पुस्तक यायच्या आधी." त्यांनी पोत्यांकडे बोट केलं. "हे बघितलंत? मेलेला बिगुलवाला माझं घर चालवतोय. जिवंत असताना त्याला कुत्रं विचारत नव्हतं. मी कशाला तिसरा भाग पळवू? मी तर रोज देवाला... जाऊ द्या."

"तुम्ही खणापाशी उभे होतात."

"बुटाची नाडी बांधत होतो. खरं सांगू का, शोधक? माझा संशय तुमच्यावर आहे."

मी खुर्ची घट्ट धरली.

"रागावू नका. पण शांत माणसं सगळ्यांत वाईट. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलंत. एखाद्या दिवशी वाटलं असेल, हे तरी आपलं असावं."

मी घरी आलो आणि माझंच कपाट उघडून पाहिलं. हे सांगायला लाज वाटते. पण दुसऱ्याने इतक्या खात्रीने सांगितल्यावर मला आधी स्वतःचीच झडती घ्यावीशी वाटली. कपाटात माझे दोन सदरे होते आणि दुसऱ्या भागाची माझी प्रत.

ती काढून बसलो. मन शांत करायचा मला दुसरा उपाय माहीत नाही. पान उलटता उलटता एक ओळ समोर आली आणि माझा हात थबकला.

'तो घरी आला तेव्हा आई दिवा लावत होती. त्याने बूट दाराबाहेर काढले.'

म्हणजे त्या निनावी वाचकाने सांगितलेलं प्रकरण पुस्तकात होतं! मीच ते तपासलं होतं, पण 'मेल्यावर' या शब्दाने मला चकवलं होतं.

५

होतं, पण चुकीच्या जागी. बिगुलवाला रजेवर घरी येतो, आई त्याला वाढते आणि काही विचारत नाही, हे सगळं लढाईच्या आधी घडतं. तेव्हा तो जिवंत असतो. मेल्यावर तो कुठेच येत नाही. त्या वाचकाने आधीची गोष्ट नंतर कशी वाचली?

उत्तर माझ्या धंद्यातच होतं. पुस्तक छापतात ते मोठ्या कागदांवर, एका कागदावर सोळा पानं. घडी घातली की त्याचा एक फर्मा होतो, आणि फर्मे ओळीने रचून पुस्तक शिवतात. कुठला फर्मा कुठे, हे पानांवरच्या आकड्यांवरून कळतं. हे घरी येण्याचं प्रकरण बाईंनी अगदी शेवटी लिहून दिलं होतं, बाकीचं पुस्तक छापून झाल्यावर. नशिबाने ते बरोबर सोळा पानांत बसलं. पण आकडे कुठले घालणार? सगळं पुन्हा छापावं लागलं असतं. म्हणून ते बिनआकड्याचं छापून मध्ये शिवायचं ठरलं.

मी तडक बाइंडरकडे गेलो. तो खळ ढवळत होता.

"बिनआकड्याचा फर्मा ना?" तो म्हणाला. "लई डोक्याला ताप. आकडा असला की चूक ओरडते हो. हा कुठेही घाला, गप्प बसतो."

"कुठे चुकीचा लागला होता का?"

"एकाच प्रतीत. मरणाच्या पानांनंतर लागला. बांधून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं."

"फाडलीत?"

"बांधलेलं पुस्तक माझ्याच्याने फाडवत नाही. बाईंच्या वाट्याच्या प्रतींत घालून दिली. सांगितलं, ही खराब आहे, कुणाला देऊ नका."

जगात अशी एकच प्रत होती. तिच्यात बिगुलवाला किल्ल्याच्या दारात मरतो आणि पान उलटलं की घरी येतो. ज्या पुस्तकात सावल्या चालतात, त्यात हे कुणाला खटकणार? ज्याने ती प्रत वाचली त्याने ते कार्ड लिहिलं, 'पुढे लिहू नका' म्हणून हात जोडले. आणि पुढचं लिहिलेलं नाहीसं झालं.

माझ्या अंगावर शहारा आला. खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता.

६

"खराब प्रत?" बाई म्हणाल्या. "आठवते ना. चांगल्या सगळ्या लोकांना वाटल्या. ती घरात ठेवली."

"घरात कुठे?"

"घरात म्हणजे घरात. आमच्या आईचीच शिकवण. फुटका कप घरच्यांना, धड पाहुण्यांना. तसंच पुस्तकाचं." त्या थांबल्या. "का?"

मी त्या निनावी कार्डातली आणखी एक गोष्ट आठवत होतो. 'डावा बूट आडवा पडतो.' हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही. मी ते पुस्तक तीनदा तपासलं होतं. त्यातले बूट नुसते काढलेले आहेत. डावा बूट आडवा पडणं वाचकाने आपल्या घरून आणलं होतं.

"बाई, हे बुटांचं प्रकरण तुम्हाला कुठून सुचलं?"

त्यांनी चेहरा स्वयंपाकघराकडे वळवला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताईचा मुलगा रजेवर यायचा ना. मावशी, मावशी करत आत शिरायचा, बूट बाहेर भिरकावून. शेवटचा आला तो असाच जेवून गेला. मग सीमेवरून बंद पेटी आली."

"ताईंना विचारलं होतं का?"

"ती कुठे वाचते माझं काही!"

स्वयंपाकघरात भांडं घासल्याचा आवाज चालू होता.

७

मी आत गेलो. ताई पाठमोऱ्या होत्या.

"चहा हवाय का?"

"नको. ताई, दुसरा भाग तुम्ही वाचलात."

"मी कशाला वाचू? मला काय कळतं त्यातलं!"

"ते कार्डही तुम्हीच लिहिलंत. बुटाचं."

त्यांनी हातातली वाटी विसळली, पालथी घातली. नाही म्हणाल्या नाहीत.

मग मी बोलत सुटलो. मी आयुष्यात कधी इतका सलग बोललो नसेन. कार्ड कसं आठवलं, सोळा पानांचा फर्मा म्हणजे काय, आकडे का नव्हते, बाइंडर काय म्हणाला, सगळं. एकेक दुवा जोडत गेलो आणि ताई माझ्याकडे वळून ऐकत होत्या, एकाग्र होऊन. मला वाटलं त्यांना माझी हुशारी दिसते आहे.

"म्हणजे ते प्रकरण खरं तर आधी यायचं," मी म्हणालो. "तो आधी घरी जेवून जातो, मग लढाईत मरतो. तुमच्या प्रतीत ते चुकून मागे शिवलं गेलं. त्या एका प्रतीवरून मला कळलं, की—"

"चुकून म्हणजे?"

"म्हणजे... बाइंडरची चूक."

"धाकटीने तसं लिहिलं नव्हतं?"

आता कुठे मी थांबलो. फार उशिरा थांबलो.

"म्हणजे तो मेल्यावर आला नाही?" ताईंनी विचारलं.

नळ थेंबथेंब गळत होता. मला खोटं बोलता आलं असतं. बाईंनी तसंही लिहून ठेवलं असेल, म्हणता आलं असतं. पण मी आयुष्यभर चुका काढत आलो. एक चूक तशीच राहू द्यायची होती, तर नेमकी ती मी बोट ठेवून दाखवली.

ताई स्टुलावर बसल्या.

"पेटी उघडू नका म्हणाले," त्या म्हणाल्या. "मी नाही उघडली. इतकी वर्षं वाटायचं, आत तोच होता हे पाहिलंय कोणी? मग हिचं पुस्तक वाचलं. सगळ्यांसमोर मेला आणि पान उलटलं तर दारात! मला वाटलं, हिलाही तसंच वाटत असणार. तोंडाने बोलत नाही, म्हणून लिहिलंय माझ्यासाठी." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "बोलले नाही कुणाला. रोज तेवढंच वाचायचे. तो जेवतो तेवढं. आणि काल ही हसली. म्हणे, पहिल्याच पानावर पुरते."

"म्हणून तुम्ही—"

"पुढे लिहिलंच नाही तर तो बसलेला राहील ना जेवत. त्यात कुणाचं काय जातं?"

त्या उठल्या. कोपऱ्यातल्या धान्याच्या पिंपाचं झाकण त्यांनी काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि कापडात बांधलेला गठ्ठा वर ओढला. दाणे जमिनीवर सांडले. कापड झटकून, गाठ नीट करून, त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"घ्या. आता मला काय करायचंय त्याचं."

८

मी बाईंना सांगितलं, की कागद कपाटामागे पडले होते.

त्यांनी गठ्ठ्यावरून हात फिरवला. कापडात अडकलेला एक दाणा त्यांच्या बोटाला लागला. तो त्यांनी चिमटीत धरला, बराच वेळ चोळला.

"शोधक, मी आंधळी होतेय. मूर्ख नाही."

मी मान खाली घातली. त्यांना ती दिसली नाही.

"ती खराब प्रत तिने वाचली."

"हो."

"कुठे लागला होता तो फर्मा?"

मी सांगितलं. लिहिणारी बाई, तिला बाकीचं समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी तिच्यासमोर हसले."

त्यांनी तिसरा भाग बदलायचा प्रयत्न केला. पेन हातात घेऊन त्या दुपारभर बसल्या. ओळी एकमेकींवर चढत होत्या, काळ्या गिचमिडीखेरीज कागदावर काही उमटेना. मग मला समोर बसवलं आणि तोंडी सांगू लागल्या. 'आई पेटीजवळ गेली' इथवर आल्या. तिथून पुढे गेल्या नाहीत. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, आणि तो थांबला आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तिसरा भाग जसा होता तसाच छापायला गेला. त्याची मुद्रितं मीच तपासली. पहिल्या पानावर एकही चूक नव्हती.

कार्डं आता पुन्हा पोत्याने येतात. लोकांना शेवट आवडला आहे. आईने बूट ओळखले तिथे आपण रडलो, असं बहुतेक सगळेच लिहितात. सेनापतीने फिती सोडल्या. शंभर माणसं पांगली. त्याचं कार्ड आलं, त्यावर एवढंच होतं: 'वाचलं. बरोबर आहे. आता पुढे काय करू?'

कार्डं वाचून झाली की मी निघतो. ताई दारापर्यंत येतात. माझ्या चपला आता आडव्या पडल्या तर तशाच असतात.

हस्तलिखित मिळालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी दारात मला ती खराब प्रत दिली होती. मधली पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली.

"बाइंडरकडून नीट लावून आणा," त्या म्हणाल्या. "आधी जेवतो ना तो? मग मरतो? तसं लावून आणा."

मी बाइंडरला विचारलं. तो म्हणाला, त्यात काय, चहा गार व्हायच्या आत करून देतो.

प्रत माझ्या कपाटात आहे, सदऱ्यांच्या खाली. कधी काढून मी ती तिथेच उघडतो, जिथे तो मरतो आणि पान उलटलं की आई दिवा लावत असते.

"झालं का हो ते पुस्तक?" ताई अजून अधूनमधून विचारतात.

"बाइंडरला वेळच नाही," मी सांगतो.

त्या माझ्याकडे बघतात. बाइंडरचं दुकान त्यांच्या घराच्या मागच्याच गल्लीत आहे, आणि तो दिवसभर दारात बसलेला असतो.

"बरं," त्या म्हणतात. "सावकाश करू दे."